इस्त्रीखाली गेलेला रस्ता

मावशी पायपुसण्यालाही इस्त्री करतात. ही काही त्यांच्या वाईटावर असलेल्यांनी उठवलेली आवई नाही. त्या स्वतःच सांगतात, तेही पहिल्या ओळखीतच, म्हणजे मागाहून कोणी शोधून काढल्याचा आनंद घ्यायला नको. फडकी, पिशव्या, उशांचे अभ्रे, नवऱ्याचे हातरुमाल, नवऱ्याचे मोजेसुद्धा. "लोक रागावले की आदळआपट करतात, मी इस्त्री करते," असं त्या म्हणतात. आणि आनंद झाला की, असं कोणी विचारलंच तर म्हणतात, "तेव्हा खळही घालते."

अशा या मावशी तरुण मुलांना कलेच्या वाटेवर मार्गदर्शन कशा करायला लागल्या, हे कोडं त्यांच्या घरात अजून सुटलेलं नाही.

मावशींकडे पदवी होती. ती दिवाणखान्याच्या भिंतीवर होती आणि तिची काच दर आठवड्याला पुसली जात असे. याखेरीज त्या पदवीचा काही उपयोग झाला असेल तर तो त्यांच्या लक्षात नाही. तीस वर्षं घर झालं, मुलगा मोठा झाला, सून आली. काका पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त होऊन घरी बसले आणि घरातले नळ नादुरुस्त नसताना दुरुस्त करू लागले. तेव्हा मावशींना आठवड्यातून निदान दोन दुपारी कुठेतरी निघून जावंसं वाटू लागलं. नेमकी त्याच सुमारास वाचनालयाच्या फळ्यावर सूचना लागली : 'तरुणांना आपल्या अनुभवाचा लाभ द्या. आठवड्यातून दोन दुपारी.'

जागा म्हणजे टपाल खात्याचं जुनं वर्गीकरणाचं दालन. टपाल नव्या इमारतीत गेलं, पण भिंतीभर पत्रांचे लाकडी खण तसेच राहिले होते. चित्रं काढणारी, आवाज ध्वनिमुद्रित करणारी, मातीच्या बाहुल्यांचे सिनेमे करणारी, कपड्यांतून काहीबाही घडवणारी मुलं तिथे येत. आपल्या कलेवर पोट भरावं आणि जमलं तर चार लोकांचं त्यातून भलं व्हावं, असा त्यांचा बेत असे. प्रत्येकाला भिंतीतला एक खण आणि एक टेबल मिळे. हे सगळं चालवणाऱ्या बाईंच्या गळ्यात दालनाच्या अठरा किल्ल्यांचा जुडगा असे, म्हणून मुलं त्यांना 'किल्लेदार' म्हणत आणि त्याही ओ देत.

मार्गदर्शकांच्या अर्जात एक रकाना होता : आपलं कौशल्य. मावशी पेन चावत बसल्या.

"लिही, टोकणं," काका म्हणाले. "त्यात तुझा हात धरणारं कोणी नाही."

"तुम्ही नळ बघा," मावशी म्हणाल्या आणि रकान्यात त्यांनी 'नीटनेटकेपणा' असं लिहिलं.

किल्लेदारांनी तो अर्ज वाचला. मग दालनातल्या पसाऱ्याकडे पाहिलं, पुन्हा अर्जाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "सोमवारपासून या."

इतर मार्गदर्शकांचं बरं होतं. जाहिरात क्षेत्रातला एक गृहस्थ मुलांना आपला माल चार वाक्यांत कसा सांगायचा ते शिकवी. एक निवृत्त वकीलबाई करारनाम्यातल्या खाचाखोचा दाखवत. मावशींनी टेबलं पुसली. खणांवर सुवाच्य अक्षरांत चिठ्ठ्या लावल्या. दुसऱ्या आठवड्यात मातीच्या बाहुल्यांचा सिनेमा करणारी जोडी चहाला बाहेर गेली असताना त्यांनी टेबलावर वाकड्यातिकड्या उभ्या असलेल्या बाहुल्या रांगेत लावल्या, एकीच्या नाकावरचा बोटाचा ठसाही पुसून काढला. एक बाहुली केसभर हलवायची, एक फोटो काढायचा, असं करत त्या जोडीने चार दिवस खपून अकरा सेकंदांचा सिनेमा केला होता. तो तिथेच संपला.  दुसऱ्या दिवशी टेबलाभोवती एक दोरी बांधलेली दिसली. मावशींच्या उंचीची.

यातून माणसाला अक्कल यायला हवी होती. मावशी म्हणतात, "आली ना. मातीच्या बाहुल्यांपुरती आली."

मग किल्लेदारांनी त्यांच्याकडे बटण सोपवली.

बटण म्हणजे एकोणीस-वीस वर्षांची, उभट चेहऱ्याची, कमी बोलणारी मुलगी. बारावीनंतर ती दोन वर्षं अंध मुलांच्या शाळेच्या बसमध्ये मदतनीस होती. मुलांना चढवायचं, उतरवायचं, वाटेत भांडणं सोडवायची. तिच्या जाकिटाला सात तऱ्हेची सात बटणं होती, कारण पडेल तसं हाताला येईल ते लावलेलं. शेजारी बसलेलं मूल ती बटणं चाचपत बसे आणि सांगे, "ताई, तिसरं ढिलं झालंय. पाचवं नवीन आहे, कालचं गुळगुळीत होतं." मुलांनीच तिचं नाव बटणताई ठेवलं. एकदा एकाने विचारलं, "बटणताई, अशी गोष्ट नसते का गं, अशी हाताने बघायची?" तिथून तिच्या डोक्यात ते शिरलं आणि बाहेर पडेना.

आता ती आठ महिने एक पुस्तक करत होती. कापडाचं, आठ पानांचं. त्यात एक मूल घरून निघून शाळेत पोचतं, बस एवढीच गोष्ट. पहिल्या पानावर दार, त्याला खरी कडी. मग खडीचा रस्ता, म्हणजे दोऱ्याच्या शेकडो गाठी. डबक्याच्या जागी आत स्पंज, दाबला की बोट खाली जाई. कुत्रा फरच्या तुकड्याचा. आणि सगळ्या पानांमधून, एका पानाच्या भोकातून दुसऱ्या पानावर, एक जाड लोकरीचा धागा गेलेला. त्यावर बोट ठेवून निघायचं की पोचलं शाळेत.

मावशींनी पहिल्यांदा ते पुस्तक पाहिलं तेव्हा त्यांनी आठही पानं उलटली आणि एकही सरळ केलं नाही. त्यांच्या बाबतीत ही फार मोठी गोष्ट होती.

"अगं, हिरव्याला जांभळं लावलंयस," शेवटी त्या म्हणाल्या.

"हो?" बटणने वळून पाहिलं. "असेल. खरखरीत तेवढंच मिळालं."

"आणि इथे केशरी."

"मावशी, रंग कोण बघतंय?"

मावशींना ते पटलं. अगदी मनापासून पटलं. घरी जाऊन त्यांनी सुनेला, शेजारणीला आणि गच्चीवर कपडे वाळत घालायला आलेल्या वरच्या बाईंना पुस्तकाची सबंध कल्पना समजावून सांगितली. रस्ता कसा, लोकर कशी, बोट कसं फिरतं. सांगताना त्यांच्या डोळ्यांत पाणीसुद्धा आलं. पुढे जे झालं ते अज्ञानातून झालं, असं म्हणायची सोय त्यांनी स्वतःला ठेवली नाही.

शहरातली एक कलासंस्था दर वर्षी कापडात काम करणाऱ्या एका तरुण माणसाला वर्षभराची जागा देत असे. एक खोली, दोन शिलाई मशिनं, जगण्यापुरतं विद्यावेतन आणि पहिल्या शंभर प्रतींचं कापड. या वेळी अखेरच्या फेरीत पाच जण होते, त्यांत बटण. मुलाखत गुरुवारी अकराला. आणि पुढल्या महिन्याच्या एक तारखेपासून तिच्या बाबांनी तिच्यासाठी कुरिअरच्या काउंटरवर नोकरी बघून ठेवली होती. बाबा लिफ्ट दुरुस्त करत. दुष्ट नव्हते, दमलेले होते. एकदा ते दालनात येऊन सगळं बघून गेले आणि जाताना मावशींना म्हणाले, "मी रोज अडकलेली माणसं बाहेर काढतो हो. माझीच मुलगी चिंध्यांत अडकून बसलीय. गुरुवारी जागा मिळाली तर एक वर्ष मी तोंड उघडणार नाही. नाही मिळाली तर एक तारखेला काउंटर. तसं ठरलंय आमचं."

म्हणजे सगळं त्या गुरुवारवर आणि त्या आठ पानांवर.

बुधवारी दुपारी बटणला शाळेच्या मुख्याध्यापिकांचं पत्र आणायला गावाबाहेर जायचं होतं. तिने पुस्तक आपल्या खणात ठेवलं. "मावशी, मी आता उद्या सकाळीच येईन. याला कोणाला हात लावू देऊ नका."

"माझ्यावर सोड," मावशी म्हणाल्या.

त्यांनी कोणाला हात लावू दिला नाही. त्यासाठी त्या पुस्तक घरीच घेऊन गेल्या.

घरी टेबलावर ठेवल्यावर ते अधिकच बिचारं दिसू लागलं. आठ महिने हाताळून कडा मळल्या होत्या. पानं फुगलेली. दोऱ्यांची टोकं जिकडेतिकडे बाहेर. दोन पानांच्या मध्ये लोकर चक्क लोंबत होती. उद्या तिघे परीक्षक हे हातात घेणार, आणि पोरीची आठ महिन्यांची मेहनत त्यांना पायपुसण्यासारखी वाटणार. त्यांच्या घरातलं पायपुसणंसुद्धा याहून बरं होतं. मावशींनी शिवणाचा डबा उघडला. 'फक्त कडा,' त्या स्वतःशी म्हणाल्या.

पहिल्यापासून एकेक पान घेतलं, आणि आधी फक्त कडाच केल्या. मग बाहेर आलेली दोऱ्यांची टोकं कापली. गाठी फार वर येत होत्या, त्या दोन-चार कातरल्या, मग त्या नेमक्या उठून दिसायला लागल्या म्हणून बाकीच्याही कातरल्या. लोंबती लोकर प्रत्येक पानाशी कापून टोक आत दुमडलं आणि इतकी बारीक तुरपाई घातली की त्यांची त्यांनाच दिसेना. हलकी खळ. पाण्याचा हबका. आणि मग इस्त्री.

डबक्यातल्या स्पंजचा एकदा फुस्स आवाज आला. फर किंचित आक्रसली, मावशींनी ती ब्रशने एका दिशेला विंचरून बसवली. कुत्रा आता चांगल्या घरचा दिसू लागला.

सहा पानं झाली तेव्हा सून दारात येऊन उभी राहिली. "आई, इस्त्री मिळेल का? माझी मीटिंग आहे आत्ता, शर्ट बघा कसा झालाय."

"दोनच पानं राहिलीत गं."

"आई, तुम्ही गेल्या महिन्यात माझ्या वर्गाच्या हजेरीपटालासुद्धा इस्त्री केलीत. द्या ना आता मला."

सून इस्त्री घेऊन गेली आणि वायर गुंडाळत परत आली तोवर काकांनी स्वयंपाकघरातला नळ उघडून ठेवला होता आणि तो बंद होत नव्हता. ती दोन पानं तशीच राहिली. मावशींना रात्रभर त्या दोन पानांची रुखरुख लागून राहिली. बाकी झोप छान लागली.

सकाळी नऊला त्यांनी पुस्तक बटणच्या टेबलावर ठेवलं आणि दोन पावलं मागे सरकून, हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. कौतुकाला जागा करून द्यायची त्यांची ही नेहमीची पद्धत.

बटणने पुस्तक उघडलं. ती डोळे मिटूनच बघत असे. तिचं बोट दाराच्या कडीवरून खाली आलं, पुढे सरकलं, थांबलं, मागे गेलं, पुन्हा पुढे आलं. तिने पान उलटलं. मग पुढचं. डोळे उघडले नाहीत.

"मावशी," ती म्हणाली, "रस्ता कुठे गेला?"

मावशी सांगतात की त्यांना आयुष्यात पुष्कळ जण पुष्कळ बोलले आहेत. सासूबाई तर या कलेतल्या जाणकार होत्या. पण असा प्रश्न कोणी विचारला नव्हता.  त्या खुर्चीवर बसल्या, ती खुर्ची नव्हती, आवाजवाल्या मुलाचा भोंगा होता, आणि तो वाजला.

"मी फक्त कडा," मावशी म्हणाल्या. "म्हणजे कडांपासून सुरुवात केली. मी उसवते. आत्ता उसवते, कात्री दे."

"तुम्ही नको," बटण म्हणाली. आवाज चढला नाही, हेच वाईट होतं. "दीड तासात आठ महिन्यांचं होत नाही."

"मग मी सांगते त्यांना. माझ्यामुळे झालं म्हणून सांगते, पुढची तारीख द्या म्हणते, पाया पडते."

"मार्गदर्शकाने बरोबर यायचंच असतं, तर तुम्ही चला. पण आत एक शब्द बोलायचा नाही."

"नाही बोलणार."

"मावशी."

"अगं, नाही बोलणार म्हटलं ना. मी एकदा ठरवलं की..."

बटण नुसती बघत राहिली. मावशींनी ओठ मिटले.

बसमध्ये दोघी शेजारी बसल्या. बटणच्या मांडीवर ते पुस्तक, चारी कोपरे काटकोनात. मावशींना काय करावं सुचेना. हातात तिकीट होतं, ते त्या गुडघ्यावर ठेवून नखाने सपाट करत राहिल्या. तिसऱ्या थांब्याला आपण काय करतोय हे त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांनी ते तिकीट मुद्दाम चुरगाळलं. त्याने काही बरं वाटलं नाही.

संस्थेच्या खोलीत लांब टेबल होतं. पलीकडे तिघं. मुलांची पुस्तकं छापणारे एक प्रकाशक, संस्थेच्या सचिवबाई आणि अंध मुलांच्या दुसऱ्या एका शाळेत पस्तीस वर्षं शिकवून निवृत्त झालेले मुख्याध्यापक. ते स्वतः अंध होते. त्यांची पांढरी काठी खुर्चीच्या पाठीला अडकवलेली होती.

पुस्तक आधी प्रकाशकांच्या हातात गेलं. "वा," ते म्हणाले, "किती सुबक काम आहे. कडा बघा."

सगळ्यात जास्त लाज मावशींना याचीच वाटते. त्या क्षणी, सगळं कळून चुकल्यावर, त्यांना बरं वाटलं. अर्धा सेकंद असेल, पण वाटलं.

मग पुस्तक मुख्याध्यापकांकडे आलं. त्यांनी ते मांडीवर घेतलं, वरून हात फिरवला, उघडलं, पुन्हा हात फिरवला. "टेबलावर घालायचं कापड दिसतंय," ते म्हणाले. "छान आहे. पुस्तक कुठाय?"

सचिवबाईंनी बटणकडे पाहिलं. मावशींनी जमिनीकडे.

"सर, पहिली सहा पानं गेली," बटण म्हणाली. "तुम्ही सातव्यापासून बघा."

मुख्याध्यापकांनी पानं मोजत उलटली. सातव्यावर त्यांचा हात थबकला. मग नुसती तर्जनी हलू लागली. 

"पायऱ्या आहेत," ते म्हणाले. "एक, दोन, तीन. चौथी तुटलीय."

"हो. शाळेची खरीच तुटलीय. नवीन मुलं तिथे अडखळतात."

"हं. हा दोर वर चाललाय." त्यांचं बोट लोकरीवरून भोकातून पलीकडे, आठव्या पानावर गेलं. तिथे फाटकाच्या गजांच्या जागी एकाआड एक उठावाच्या शिवणी होत्या आणि वर सायकलच्या घंटीची वाटी शिवलेली. त्यांनी तिला नखाने टिचकी मारली. ती वाजली. मुख्याध्यापक हसले, आणि मग त्यांचं हसू थांबलं.

"एवढं येतं तुला. मग आधीच्या सहा पानांचं असं कोणी केलं?"

बटण 'माझी मावशी', 'एक बाई', 'चूक झाली', काहीच म्हणाली नाही. मावशींना वाटलं, आता राहवणार नाही. पण शब्द दिला होता. म्हणून त्यांनी हात वर केला.

वर्गातल्या मुलीसारखा, ताठ. आणि तसाच धरून ठेवला. आपण हात कोणाला दाखवतोय हे त्यांच्या डोक्यात यायला चांगला वेळ लागला, आणि आल्यावरही तो खाली घ्यावा की कसं ते कळेना.

"सर," प्रकाशक घसा साफ करून म्हणाले, "मागे बसलेल्या बाईंनी हात वर केलाय."

"कधीपासून?"

"झाला थोडा वेळ."

"त्यांना इकडे पाठवा," मुख्याध्यापक म्हणाले. "बसा बाई. डोळे मिटा. घट्ट. हं, काय आहे सांगा." आणि त्यांनी मावशींचा हात धरून दुसऱ्या पानावर ठेवला.

मावशींनी बटणच्या दिशेने, म्हणजे डोळे मिटून होत्या म्हणून बहुधा कपाटाच्या दिशेने, तोंड वळवलं. "बोलू का गं?"

"बोला," बटण म्हणाली.

मावशींनी बोटं फिरवली. काल याच पानावर त्यांनी पाऊण तास घालवला होता. "कापड," त्या म्हणाल्या. आणखी फिरवली. "स्वच्छ आहे."

"अगदी स्वच्छ," मुख्याध्यापक म्हणाले. "आमच्या शाळेला भेट म्हणून आलेली सगळी पुस्तकं अशीच असत. दिसायला फार सुंदर आहेत, असं सगळे सांगायचे. आता हे."

सातव्या पानावर मावशींना आधी कंगवा वाटला. मग गादी. मग त्यांचं बोट लोकरीवर पडलं आणि तिच्यामागून एक पायरी चढलं, दुसरी चढलं, तिसरी, आणि चौथीवर खाली घसरलं. "अगंबाई," त्या म्हणाल्या आणि त्यांनी खुर्चीचा हात धरला, खरंच पडतो आहोत असं समजून. प्रकाशक हसले. मावशी हसल्या नाहीत. त्या बोट परत खाली आणून पुन्हा चढल्या, या वेळी चौथी चुकवून.

मुख्याध्यापक बटणकडे वळले. "मला एकच विचारायचंय. तुझ्या जवळच्या माणसाने, तुझ्या भल्यासाठी, बघता बघता तुझं पुस्तक पुसून टाकलं. उद्या शंभर प्रती करायच्या झाल्या तर त्या तू एकटी शिवणार नाहीस. दुसऱ्या बायका येतील. त्याही डोळस असतील, आणि शिवणकामात हुशार असतील. या बाईंसारख्याच. त्याही गाठी कापतील. तू काय करणार?"

बटणचं बोट जाकिटाच्या बटणांवरून फिरलं. मावशींनी डोळे अजून उघडले नव्हते, उघडा असं कोणी सांगितलं नव्हतं. 

"शिवणारे डोळस असू देत," बटण म्हणाली. "पास करणारे नकोत. आमच्या बसमधून जायच्या त्या मोठ्या मुली आता शाळा संपून घरी बसल्यात. चौघी-पाचजणी आहेत. त्यांची बोटं पानावरून फिरतील, त्यांना रस्ता सापडला तर पान पास. नाही तर उसवायचं. पगारावर घेईन त्यांना. शिवणाऱ्याइतकाच पगार."

हे अर्जात नव्हतं. मावशींना पक्कं माहीत होतं, कारण अर्ज त्यांनी चारदा वाचला होता आणि पाठवण्यापूर्वी त्याच्या घड्या इस्त्रीने काढल्या होत्या.

"हे कधी ठरवलंस?" सचिवबाईंनी विचारलं.

"आत्ता," बटण म्हणाली. "म्हणजे सकाळी नऊला सुरुवात झाली."

निकाल संध्याकाळी फोनवर आला. जागा बटणला. अट अशी की सहा आठवड्यांत पहिली सहा पानं नव्याने करायची आणि ती त्या मुलींकडून पास करून घ्यायची. बाबांनी ऐकलं, "बरं," म्हणाले, आणि कुरिअरवाल्याला फोन करायला बाहेर गेले.

शनिवारी मावशी नव्या खोलीत गेल्या. पर्समध्ये किल्लेदारांच्या नावे लिहिलेलं पत्र होतं : प्रकृतीच्या कारणामुळे यापुढे मार्गदर्शक म्हणून येणं जमणार नाही. काकांनी ते वाचून विचारलं होतं, "प्रकृतीला काय धाड भरलीय?" आणि मावशींनी सांगितलं होतं, "मूळ प्रकृतीबद्दल लिहिलंय मी." पत्राची घडी अर्थातच धारदार होती.

बटण मशिनवर बसली होती. तिने पत्र वाचलं, उलटून पाहिलं आणि दोऱ्याच्या रिळाखाली दाबून ठेवलं.

"असं नाही चालणार," ती म्हणाली. "मला तुम्ही हव्यात."

"कशाला गं? आणखी काय सपाट करायचं राहिलंय?"

"त्या मुली खूप हुशार आहेत. मी कसंही केलं तरी त्यांना कळतं. पण शाळेत पहिल्या वर्षी मूल येतं ना, त्याला बोटांनी बघायची सवय नसते. त्याला कळतंय का हे कसं बघू? मला अगदी अडाणी बोटं हवीत." ती थांबली. "रागावू नका. पण तुमच्याइतकी अडाणी बोटं मी पाहिली नाहीत."

कंगवा आणि गादी दोन्ही मावशींना आठवले. रागावण्यासारखं काही शिल्लक नव्हतं. "इस्त्री?" त्यांनी विचारलं.

"इस्त्री या खोलीत येणार नाही. पिशवीतूनसुद्धा नाही."

तेव्हापासून मावशी सोमवारी आणि गुरुवारी दुपारी त्या खोलीत जातात. खुर्चीवर बसल्या की बटण त्यांच्या डोळ्यांवर स्कार्फ बांधते आणि पुढ्यात पान ठेवते. त्या चाचपतात आणि जे वाटेल ते मोठ्याने सांगतात, बटण वहीत लिहिते. पहिल्या महिन्यात त्यांनी दाराला खिडकी म्हटलं, डबक्याला पाव म्हटलं, आणि नव्या कुत्र्याला दोनदा चहाची किटली म्हटलं. बटणने त्याचं शेपूट आखूड केलं, नाकाला ओलसर वाटेल असं गुळगुळीत बटण लावलं, तेव्हा कुठे तो कुत्रा झाला. घरी काका विचारतात, "आज किती चुकलं?" आणि मावशी अभिमानाने आकडा सांगतात. जास्त चुकलं की दिवस सत्कारणी लागला असं त्यांनी काकांना पटवलं आहे. काका तेच नळांना लावू पाहतात, पण सुनेला ते मान्य नाही.

परवा खडीच्या रस्त्याचं पान होतं. नव्या गाठी, आधीपेक्षा जाड. मावशींनी बोट ठेवलं आणि निघाल्या.

"खडी," त्या म्हणाल्या. "टोचतेय. इथे वळण आहे बहुतेक. डावीकडे."

"बरोबर."

स्कार्फ नाकापाशी जरा सैल होता. मावशींना खाली पानाची कड दिसली. लबाडी करायची नव्हती, दिसलीच ती. तिथून एक दोरा चांगला दोन बोटं बाहेर आला होता, पांढरा, सुटा, कशालाच न लागणारा.

"मावशी, थांबलात का?"

"नाही गं," मावशी म्हणाल्या. त्यांनी उजवा हात मांडीखाली दाबून धरला, वर सगळं वजन टाकलं, आणि डाव्या हाताच्या बोटाने वळण घेतलं.